शोकोची गाठ

मेक्सिकोतल्या आमच्या शोचिमिल्को गावात मुलीचं नाव ठेवायला कुणी डोकं खाजवत नाही. पहिली झाली की तेयाकापान, म्हणजे थोरली. शेवटची ती शोको, म्हणजे धाकटी. घरोघरी थोरल्या नि धाकट्या. घोटाळा कधी झाला नव्हता; पाद्री येईपर्यंत.

शोको माझी शेजारीण. कमरेला माग बांधून अंगणात विणत बसायची. कुआउत्लीशी तिचं लग्न लागलं, तेव्हा लग्न जमवणाऱ्या म्हातारीनं त्याच्या पांघरुणाची नि हिच्या सदऱ्याची गाठ मारली. ती मी डोळ्यांनी पाहिली. सहा वर्षांनी कुआउत्लीनं दुसरी आणली, तेयाकापान. दोघी एकाच तव्यावर मक्याच्या भाकरी भाजत, भांडत, हसत.

मग चर्चचा हुकूम आला. एका पुरुषाला एकच बायको, जी पहिली ती. दुसरीनं घर सोडायचं.

चर्चच्या अंगणात कुआउत्ली नि दोघी बायकांना समोर उभं करून पाद्र्यानं वही उघडली. आमची भाषा तो पुस्तकातून शिकलेला.

"नाव?"

"इनेस," शोको म्हणाली.

"आणि तुझं?"

"इनेस." बाप्तिस्मा एकाच दिवशी झालेला, त्या दिवशीच्या सगळ्या बायका इनेसच.

पाद्री वैतागला. कुआउत्लीकडे वळून म्हणाला, "यांच्यातली थोरली कोण?"

कुआउत्लीनं तेयाकापानकडे बोट केलं. तिचं नावच ते!

"साक्षीदार, खरं का?"

साक्षीदार मी. "हो, तीच थोरली," असं म्हणून गेलो.

शोको ओरडली, "अहो पाद्रीबाबा, गाठ माझी आधीची!"

"तू कोण?"

"धाकटी."

लोक खदखदून हसले. "बघा, स्वतःच सांगतेय," म्हणत पाद्र्यानं लिहून टाकलं. कुआउत्लीनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. त्याला समजलं नव्हतं की सोयीचं वाटलं, देव जाणे. मी दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो, तर पाद्री म्हणाला, "काल खोटं बोललास की आज?" मी खोटं बोललोच नव्हतो. मग खरं बोललो होतो का?

शोको बहिणीकडे राहायला गेली. चर्चमध्ये कुआउत्लीचं लग्न नव्यानं लागलं. आठवड्यानं मी तिला भेटायला गेलो होतो, तर तेयाकापान शोकोचा माग डोक्यावर घेऊन आली.

"घे बाई तुझं. घर माझं म्हणे, वहीत तसं आहे."

"आणि गाठ? ती तर कुणी सोडली नाही."

"नाही ना! मग मी कोण गं?"

"मला काय विचारतेस? मी तरी कोण?"

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघितलं.

शोकोनं मागाचं एक टोक झाडाला बांधलं, पट्टा कमरेला अडकवला. "बस," तिनं सवतीला सांगितलं, "सूत धर."

आता कुणी नवखा तिला विचारतो, "तू कुआउत्लीची कोण?" मान वर न करता ती सांगते, "पाद्र्याला विचारा. त्याच्याकडे लिहिलेलं आहे."