पानाखाली लागलेली पाती

हसायचं न्हाई असं आधी कबूल करा, मंगच सांगतो. कारण ह्यात मी एकटा न्हाई, माझे सासरे बी हायेत. मंठ्याकडचे, उभी हयात कपाशीत घालवलेले.

मी परतूरला बँकेत. आमच्या नव्या मॅनेजर मॅडमला माशांच्या टाकीचा भारी नाद. मासे नावाला, खरा जीव पाण्यातल्या झाडांवर. जेवणाच्या सुट्टीत फोटो दाखवायच्या: काचेत हिरवंगार रान, एक पान वेडंवाकडं न्हाई. मंग मलाही राहवेना. टाकी आणली, झाडं आणली, रेतीत लावली, चार मासे सोडले.

बायको म्हणाली, "दारातली तुळस वाळून चालली. तिला कधी पाणी घातलं का?"

"ह्यांना घालावं लागत न्हाई, तोच तर फायदा."

महिन्याभरात झाडं पाण्याच्या वर आली. मॅडम म्हणाल्या, "वरून कापा. शेंडा रेतीत खोचला की नवं झाड होतं, आणि खालच्या खोडाला दोन फांद्या फुटतात." मी दंडापर्यंत हात बुडवून कात्री चालवली. मासे भिऊन कोपऱ्यात. पण आठवड्यात खरंच, कापल्या जागी दोन-दोन कोंब.

तेच बघत बसल्तो, तर एका पानाखाली काहीतरी दिसलं. साबुदाण्याच्या खिरीचा थेंब चिकटावा तसं. पारदर्शक, आत बारीक ठिपके. हे काय असंल? मला दुसरं काही सुचेना.

नेमके मामा, म्हणजे सासरे, बाजाराला आल्ते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि काचेला नाक लावलं.

"शेंडा खुडला व्हता का?"

"खुडला की."

"मंग पाती लागली, जावईबापू. कपाशीला कळ्या धरत्यात न्हाई का, तशी. आता फूल, मंग बी."

"पाण्यात फूल?"

"कमळ काय बांधावर लागतं का?"

त्या दिवसापासून मी पिवळी पानं सगळी छाटली, पण पाती असलेल्या पानाला कात्री लावली न्हाई. बघता बघता आणखी पानांखाली पाती. मॅडमकडे एवढी झाडं, पण पाती एकालाही न्हाई, बरं का. मंग एक भरगच्च फांदी कापली, ओल्या कापसात गुंडाळली आणि डब्यात घालून बँकेत नेली.

"मॅडम, नुस्ती फांदी न्हाई. बी धरून राह्यलीये. खास तुमच्यासाठी."

मॅडम घाईत होत्या. डबा पर्समध्ये गेला, आणि घरी त्यांच्या मिस्टरांनी फांदी न बघताच टाकीत लावून टाकली. मी रोज विचारायचो, "उगवलं का, मॅडम?" त्यांना वाटायचं, मी फांदीचीच चौकशी करून राह्यलो.

एका रविवारी सकाळी फोन आला.

"भालेराव, तुमचं उगवलं."

"किती, मॅडम?"

"मोजता येत नाहीत."

"रंग?"

"तपकिरी."

तपकिरी कोंब कधी ऐकला नव्हता. "मुळं रेतीत गेली का?"

"नाही. काचेवर चढतायत."

इथं कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी म्हणलो, "मंग वेल असंल, मॅडम. दोरी बांधून द्या."

मॅडम सावकाश म्हणाल्या, "वेलाला शिंगं असतात का, भालेराव?"

मी फोन कानाला लावूनच आमच्या टाकीपाशी गेलो. काचेवर राईएवढ्या गोगलगायी निवांत चालून राह्यल्या होत्या. म्हणजे इतके दिवस मी जपली, ती पाती न्हाई, अंडी. आणि ती मी ओल्या कापसात गुंडाळून मॅनेजर मॅडमच्या घरी पोचती केल्ती.

"मॅडम, चुकलो," म्हणलो. तिथंच फोन ठेवायचा न्हाई का? पण गोगलगाय इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. तोंडून निघूनच गेलं, "मॅडम, ह्या खातात काय?"

"माझी झाडं," मॅडम म्हणाल्या.