लिलाववाला गप्प बसतो

“शांतता म्हणजे माल पडून राहिला,” असं आर्लन ट्वेट एकदा म्हणाला होता.

म्हणाला तेही कुठे, तर डॉ. फिच यांच्या खोलीत, जिथे शांतता हाच मुख्य माल होता. मानसशास्त्रातली डॉक्टरेट हातात पडण्याआधी एक वर्ष रुग्णालयात इंटर्न म्हणून काढावं लागतं. त्या वर्षासाठी आर्लन आणि मी पश्चिम मिनेसोटातल्या एका सरकारी मनोरुग्णालयात दाखल झालो होतो, आणि फिचबाई आमच्या प्रमुख होत्या. त्यांच्या सहीशिवाय पदवी नाही. दर मंगळवारी बाई पेशंटबरोबरच्या आमच्या सत्रांची रेकॉर्डिंग ऐकत. मध्येच बटण दाबून ती थांबवत, आणि मग स्वतःही थांबून राहत. खिडकीबाहेर सपाट शेतं, शेतांवर तितकंच सपाट आकाश, आणि आत बाई. खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमध्ये पाणी खळखळलं की बरं वाटायचं, कुणीतरी बोललं म्हणून.

आर्लन शेहेचाळीस वर्षांचा होता. बाकी इंटर्नांच्या मानाने म्हातारा. दारातून येताना तो जरा तिरका होऊन यायचा, इतका रुंद. ह्याआधी वीसेक वर्षं त्याने लिलाव पुकारले होते, आधी वडिलांच्या हाताखाली, मग भावाबरोबर. गुरं, ट्रॅक्टर, आणि शेत सोडून गावातल्या फ्लॅटमध्ये जाणाऱ्या म्हाताऱ्यांची अख्खी घरं. हे सोडून इकडे कसा आलास, असं मी विचारलं तेव्हा त्याने जे सांगितलं ते फार लांब होतं, पण त्यातलं एवढं लक्षात राहिलं:

“सगळं विकलं गेलं की नवरा-बायको गाडीत जाऊन बसायचे. गाडी सुरू करायचे नाहीत. मी काचेवर टकटक करून विचारायचो, सगळं ठीक ना? ते म्हणायचे, ठीक. आमच्याकडे सगळे ठीकच असतात. एकदा वाटलं, ह्याच्या पुढचा प्रश्न काय असतो तो शिकून घ्यावा.”

तो शिकायला त्याला नऊ-दहा वर्षं लागली. नोकरी सांभाळून, रात्रीचे वर्ग करून. “गॉर्डन माझी वाट बघतोय,” तो भावाबद्दल सांगायचा. “म्हणतो, परत येशीलच. माईक पुसून ठेवलाय म्हणतो.” हे तो हसत सांगायचा, पण सांगून झाल्यावर क्षणभर गप्प व्हायचा, आणि आर्लनच्या बाबतीत तो क्षण मोठा होता.

पहिल्याच दिवशी फिचबाईंनी नियमाप्रमाणे विचारलं होतं, “ह्या वॉर्डातल्या कुणाला तुम्ही आधीपासून ओळखता का?”

“माणसांना नाही ओळखत, बाई,” आर्लन म्हणाला. “कपाटांना ओळखत असेन बऱ्याच.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. ज्यांची ज्यांची कपाटं त्याने विकली होती ते सगळे वगळायचे म्हटले असते, तर त्याला दुसऱ्या राज्यात पाठवावं लागलं असतं.

त्याची पहिली रेकॉर्डिंग मी विसरणार नाही. पेशंट म्हणतो, “मला...” आणि आर्लन लगेच, “वाईट वाटतंय? राग येतोय? राग म्हणू या? की रागापेक्षा थोडं जास्त? एकटं वाटतंय का, एकटं, एकटं...” मग जरा वेळाने पेशंटचा आवाज, अगदी अदबीने: “मला लघवीला जायचंय.”

फिचबाईंनी बटण दाबलं. रेडिएटर खळखळला.

खरी गडबड झाली ती गुरुवारच्या गटात. दहा वाजता आठ-नऊ पेशंट मनातलं बोलायला गोल करून बसायचे आणि आर्लन मधोमध. त्याचं असं होतं की आमच्या भागातला शेतकरी लिलावात हात वर करत नाही. शेजाऱ्याला कळू नये म्हणून तो भुवई हलवतो, टोपीच्या कडेला एक बोट लावतो. काही जण नुसता श्वास आत घेतात. आर्लनला तो श्वाससुद्धा दिसायचा. वीस वर्षं त्याचं पोट त्यावर चाललं होतं, ती नजर काही बॅजबरोबर बदलत नाही. गटात लॉइड नावाचा एक सज्जन दूधवाला होता, म्हणजे गाई पाळणारा. त्याने नाकाला हात लावला.

“लॉइडला काही सांगायचंय,” आर्लन त्याच्याकडे बोट करून म्हणाला.

“नाही बुवा.”

“मग नाकाला हात?”

“खाजत होतं.”

“कशाने खाजलं असेल?”

आणि लॉइड, ज्याला कुणाचा प्रश्न तसाच टाकून देणं जमत नसे, पंधरा मिनिटं आपल्या वडिलांबद्दल बोलला. गंमत अशी की ते चांगलं बोलला. पुढच्या गुरुवारी एकीने कानामागे केस सारले तर तिच्याकडून तिचा घटस्फोट निघाला. आर्लन खूश होता. “बघ, बोलायचं असतं लोकांना,” तो मला म्हणाला. “फक्त बघणारा पाहिजे.”

तिसऱ्या गुरुवारी कुणी हललंच नाही. सगळे हात मांड्यांखाली दाबून, नजर समोर रोखून बसले. डॉ. पेत्रेस्कू हे आमचे मनोविकारतज्ज्ञ, मूळचे रोमानियाचे, फार बारकाईने बघणारे. दारावरच्या काचेतून त्यांना ताठ, थिजलेल्या चेहऱ्यांचा अख्खा गोल दिसला. औषधांनी कधी कधी तसं होतं, अंग आखडतं, चेहरा दगडासारखा होतो. त्यांनी त्याच दुपारी दोघांची औषधं कमी केली आणि बाकीच्यांना तपासलं. मनगटं वाकवून पाहिली. सगळी मनगटं लोण्यासारखी. पुढच्या गुरुवारी दहा वाजता पुन्हा दगड.

“फक्त गुरुवारी दहा वाजता येणारा आजार मी बघितलेला नाही,” पेत्रेस्कू नर्सच्या टेबलाशी येऊन म्हणाले, आणि ते विनोद करणारे गृहस्थ नव्हते.

ते कोडं बेव्हने सोडवलं. बेव्ह वॉर्डाची मुख्य नर्स, साठीची, सगळ्यांना पोरगं समजणारी. ती सरळ लॉइडकडे गेली.

“काय रे, हात मांडीखाली का घालून बसता सगळे?”

लॉइडने इकडेतिकडे पाहिलं. “हलवला तर घ्यावं लागतं, बेव्ह.”

वॉर्डात त्यावर आठवडाभर हसत होते. फिचबाई हसल्या नाहीत. त्यांनी आर्लनला बोलावलं, मीही तिथेच होतो कारण मंगळवार होता.

“दोन माणसांची औषधं बदलली गेली,” बाई म्हणाल्या. “ती परत पहिल्यासारखी करावी लागली. तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय.”

“तुम्ही लोकांकडे फार चांगलं बघता. पण त्यांचं काय चाललंय ते पुरतं बघून होईपर्यंत थांबत नाही.”

“थांबलो तर...”

“माहीत आहे. माल पडून राहतो.” बाईंनी चष्मा काढला. “जानेवारीत सहामाही मूल्यमापन आहे. तुमचं एक सत्र मी एकतर्फी काचेमागून बघेन. सोलमबाईंबरोबर. खोलीतला पहिला शब्द तुमचा नसावा, एवढीच अट. ते जमलं नाही तर मला सही करता येणार नाही, आर्लन.”

आर्लनचा चेहरा उतरला. कारण सोलमबाई बोलतच नव्हत्या.

हॅरिएट सोलम सत्तरी ओलांडलेल्या. शेत गेलं, मग नवरा गेला, गावातल्या फ्लॅटमध्ये आधी जेवण बंद झालं आणि मग बोलणं. पानगळीच्या दिवसांत त्या आमच्याकडे आल्या तेव्हापासून त्यांनी कुणाशी एक शब्द काढला नव्हता. विचारलं तर मान हलवत. आर्लनकडे त्या आठवड्यातून दोनदा येत, आणि आर्लन त्यांना सोयाबीनचा भाव, रस्त्यावरचा बर्फ, मुलाची हॉकी, बायकोच्या हॉटडिशमध्ये, म्हणजे ओव्हनमधल्या खिमा-बटाट्यात, बटाटे का करपतात हे सगळं सांगे. त्या हात मांडीवर ठेवून ऐकत.

“तिने तुझ्यावर जास्त उपचार केलेत,” बेव्ह त्याला म्हणाली.

मग सराव सुरू झाला. आम्हा दोघांची खोली म्हणजे पूर्वीची चादरी ठेवायची कोठडी. आर्लन माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचा, मी सोलमबाई व्हायचो. त्याची मान आधी गुलाबी व्हायची, मग लाल.

“किती झालं?” तो विचारायचा.

“अजून मी सुरू कर म्हणालो नाही.”

बेव्हने सुचवलं, जीभ दातांखाली धर. “तिथेही हलते गं,” तो म्हणाला. खोकल्याच्या गोळ्या झाल्या, च्युइंगम झालं. घरी सराव करीन म्हणाला तर बायको म्हणाली, जरूर कर, पुढची वीस वर्षं कर. पण मूल्यमापनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी खोलीत आलो तेव्हा तो खिडकीशी उभा होता आणि खरंच गप्प होता. बाहेर बर्फावर एकही खूण नव्हती. “नाही जमलं तर गॉर्डन काही बोलणार नाही,” तो म्हणाला. “नुसता माईक हातात देईल.”

काचेमागच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही तिघं होतो, फिचबाई, बेव्ह आणि मी. पलीकडे दोन खुर्च्या, टिश्यूचा खोका, एक खिडकी. सोलमबाई आधीच येऊन बसल्या होत्या. आर्लन आला, मान लववली, बसला. कोट आणि टोपी काचेमागे आमच्याकडेच ठेवून गेला होता, हातात काही नको म्हणून.

शांततेला सुरुवातीला काही वजन नसतं. मग ती भरायला लागते. आधी खुर्चीची करकर ऐकू येते, मग नळीतलं पाणी, मग आपलंच रक्त. नंतर असं वाटू लागतं की खोलीत तिसरं कुणी येऊन बसलंय आणि दोघंही त्याला ओळखतात. आर्लनची मान गुलाबी झाली. अंगठा गुडघ्यावर ठेका धरून हलू लागला, लिलावाचा तो जुना, धावता ठेका. ओठ हलत होते. मग ठेका मंदावला.

“जिवंत आहे ना तो?” बेव्ह कुजबुजली. फिचबाईंनी बोट ओठांवर ठेवलं.

आणि सोलमबाईंचा उजवा हात मांडीवरून उठला.

बेव्हने माझी बाही घट्ट धरली. आर्लनची हनुवटी वर झाली, डोळे चमकले, आणि गुडघ्यावरून त्याची तर्जनी सुटली, तीच, जी वीस वर्षं गर्दीतल्या माणसांकडे रोखली जायची. तोंड उघडलं. गेलं सगळं, मला वाटलं.

बोट हवेतच राहिलं. सोलमबाईंचा हात संथपणे वर गेला, चष्म्याखाली शिरला, एक डोळा पुसला, मग दुसरा, आणि पुन्हा मांडीवर येऊन बसला. आर्लनने तो सगळा प्रवास शेवटपर्यंत पाहिला. मग त्याने बोट मिटलं.

“असाच हात वर गेला होता,” सोलमबाई म्हणाल्या.

आवाज गंजलेला होता, पण स्वच्छ.

“आमच्या घरच्या लिलावात. तुम्हाला आठवणार नाही. स्वयंपाकघरातल्या वस्तूंचं खोकं होतं. बटाट्याच्या पोळ्या लाटायचं लाटणं, वॅफलचा साचा, माझ्या आईचं पिवळं वाडगं. मी डोळे पुसत होते. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत आणि म्हणालात, दिलं, त्या चष्मेवाल्या बाईंना.”

आर्लन हलला नाही.

“माझंच खोकं मी विकत घेतलं. तुमच्या माणसाने गाडीत आणून ठेवलं. फार नम्र मुलगा होता.” त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. “सांगायला हवं होतं मी. पण तुम्ही पुढच्या मालावर गेला होतात. इतकं छान चाललं होतं तुमचं, मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.”

बेव्हला हसू आलं आणि ते दाबताना तिचा चष्मा खाली पडला. पहिला शब्द सोलमबाईंचा झाला होता. आता आर्लनला बोलायची मोकळीक होती. आम्ही वाट पाहत होतो. सोयाबीन येईल, बर्फ येईल, निदान माफी येईल. त्याने तोंड उघडलं, सोलमबाईंकडे पाहिलं, आणि मिटलं.

“ते वाडगं अजून खोक्यातच आहे,” त्या म्हणाल्या. आणि त्यानंतर वेळ संपेपर्यंत त्या बोलत राहिल्या. वाडग्याबद्दल, आईबद्दल, गाडी सुरू न करता नवऱ्याबरोबर बसून राहिल्या त्या दुपारबद्दल. कुणीतरी काचेवर टकटक केली होती, आणि दोघं म्हणाले होते, ठीक.

सत्र संपलं. बेव्ह जाऊन सोलमबाईंना वॉर्डात सोडून आली. आर्लन काचेमागे आमच्यापाशी येऊन उभा राहिला.

“कसं वाटलं?” फिचबाईंनी विचारलं आणि त्या थांबल्या. थांबण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आर्लनही थांबला. तो काचेतून पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. तिथे त्याला किती हात दिसत होते कोण जाणे, कपाळाशी, नाकाशी, डोळ्यांशी गेलेले, आणि किती खोकी.

बाई खुर्चीत हलल्या. हे मी प्रथमच पाहत होतो.

“सही मी आजच करतेय,” त्या म्हणाल्या. तो काही बोलेना. “म्हणजे, अट पूर्ण झाली. अटीपेक्षा जास्तच झाली. आता प्रश्न असा की त्या लिलावामुळे सोलमबाईंना तुमच्याकडे ठेवायचं की नाही. ते त्यांनाच विचारायला हवं. मला वाटतं त्या हो म्हणतील. पण विचारायला हवं. आणि पेत्रेस्कूंना मी सांगेन, त्यांना आनंदच होईल, तसं ते दाखवणार नाहीत...” बाई बोलतच राहिल्या. रेडिएटर ऐकत होता.

आर्लनने कोट चढवला. बटणं लावली. टोपी घातली.

“काहीतरी बोल रे बाबा,” बेव्ह म्हणाली. “जीव घाबरा होतो माझा.”

आर्लनने तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे. टोपीच्या कडेला एक बोट लावलं, आणि जरा तिरका होऊन दारातून निघून गेला.