देवीच्या साथीतल्या सुभद्राकाकू

सकाळी स्वयंपाकाच्या वेळेला सुभद्राकाकू आमच्या बुधवारा मोहल्ल्याच्या गल्लीतून अगदी सावकाश चालत. प्रत्येक दारापुढे जरा थांबत, फोडणीचा वास आला की पुढे सरकत. ज्या घरातून वास येत नसे, तिथली कडी वाजवत. तुम्हा नातवंडांना हे समजावून सांगायला हवं. देवी हा आजार आता जगातून गेला. तेव्हा घरात कुणाला देवी आल्या की माता पाहुणी आली असं मानत. ती असेपर्यंत फोडणी द्यायची नाही, तळण तळायचं नाही आणि बाहेर कुणाला सांगायचंही नाही. काकू म्हणत, "तोंडानं नाही म्हणतील वं, पण चूल थोडीच नाही म्हणते?"

आसपासची संस्थानं विलीन होत होती. पुरुषमंडळी चौकात त्याच गप्पा मारत. घरोघर हिंडायला काकूंना कुणी नेमलं नव्हतं. विधवा बाई, मूलबाळ नाही, लहानपणीच्या देवींचे व्रण तोंडभर. एकदा होऊन गेलेला हा आजार सहसा पुन्हा होत नाही, म्हणून त्या रोग्याजवळ निर्धास्त बसत. "मातेनं माझं तोंड पाहून घेतलंय. आता कशाला बघायला येते?" असं हसून सांगत. मी कॉलेजात शिकलेली नवी सून, त्यांच्याबरोबर लस टोचण्याचं महत्त्व सांगत फिरे. मी बोलायला लागले की त्या म्हणत, "आधी पाणी तर माग. पाहुण्यासारखी ये बाई, हवालदारासारखी नको."

एका सकाळी द्वारकाच्या घरातून वास आला नाही. आत तिचा सहा वर्षांचा गोविंद फोडांनी भरलेला, डोळे सुजून मिटलेले. तिच्या कडेवर तान्ही मुलगी, अजून न टोचलेली. सासू दारात आडवी उभी राहिली.

"माता घरात बसली आहे. तिच्यासमोर सुई नाही लागायची."

काकूंनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. "बरोबर आहे तुमचं, जिजी. या घरात नको. माझ्या घरात माता नाही. पोरगी अन् तिची माय तिकडं राहतील, तिथं टोचू. मी इथं राहून सेवा करते. पण डॉक्टर सांगेपर्यंत हिनं माघारी यायचं नाही."

सासू दारातून बाजूला झाली. द्वारका म्हणाली, "अन् माझा गोविंद?"

"त्याला मी आहे. हिला पाजायला दूध नाही ना माझ्याजवळ."

द्वारका मुलीला घेऊन काकूंच्या घरी आली. मी सोबतीला राहिले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी येऊन मुलीला टोचलं, तिला ताप आला, दंडावर फोड धरला म्हणजे लस लागली, आणि ती दूध ओढत राहिली. तिकडे गोविंद गेला. काकूंनी स्वतःच्या घराच्या पायरीखाली उभं राहून ते सांगितलं. द्वारकाने काहीच विचारलं नाही.

घरी परतल्यावर ती काकूंशी बोलेनाशी झाली. काकू दिसल्या की दार लोटून घेई. मला राग येई. जिच्यामुळे मुलगी वाचली, तिच्याशी असं वागावं? काकू म्हणाल्या, "मातेवर रागावता येत नाही तिला. माझ्यावर रागावू दे."

मुलगी चालायला लागली तेव्हाची गोष्ट. दुपारी मी काकूंकडे बसले होते, त्या डाळ निवडत होत्या. द्वारका आली, उंबऱ्याजवळ बसली. 

"काकू, शेवटी काही बोलला का तो?"

काकूंचा हात सुपात थांबला. "तुला हाक मारली."

"मग?"

"डोळे मिटलेले होते त्याचे. मी ओ दिली."

 द्वारकाने सूप आपल्याकडे ओढलं आणि डाळ निवडू लागली.