बाबांच्या गाडीतला पिवळा दिवा

ज्या घरात मी वाढले तिथे देव्हारा नव्हता, पुस्तिकांचे गठ्ठे होते. बाबा दरवर्षी दीक्षाभूमीवर सतरंजी अंथरून पुस्तिका विकायला बसत आणि मी त्यांच्या शेजारी बसून मुखपृष्ठांवरची अक्षरे जुळवत वाचायला शिकले. नवस, अंगारा, गंडादोरा यांच्याविरुद्धची पत्रके मला पाठ होती. पुढे मी स्वतः पत्रके लिहू लागले, आणि माझी भाषा बाबांच्या भाषेपेक्षाही तिखट निघाली. त्यामुळे आज जे लिहिते आहे ते लिहिताना हात अडखळतो. कोणी याला योगायोग म्हटले तर मी भांडणार नाही. एरवी भांडल्याशिवाय मला राहवत नाही, पण या एका गोष्टीपुरते मी ते सोडून दिले आहे.

बाबांचे दुखणे वाढले तेव्हा आईने घरी रक्षणासाठीच्या बुद्धवचनांचा परित्राण पाठ ठेवला. पठण चालू असताना पांढरा धागा सगळ्यांच्या हातांतून फिरवतात आणि शेवटी तो मनगटाला बांधतात. बाबा पठणाला मन लावून बसले, पण धागा बांधून घेताना हसले. हा गंडाच की, म्हणाले. आईने ऐकले नाही. पठण करणाऱ्या भंतेजींकडून चांगला लांब धागा मागून घेऊन तिने त्यांच्या मनगटाला तीन वेढे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मनगट मोकळे होते. आईने एवढेच विचारले, "फेकला ना?" बाबा म्हणाले, "फेकला नाही वं. जागेवर आहे." कोणती जागा, ते त्यांनी सांगितले नाही. आणि मी? मी त्याच आठवड्यात नव्या गंडेदोऱ्यांवर एक पत्रक लिहिले आणि जेवताना ते मोठ्याने वाचून दाखवले. बाबांनी एक शब्द दुरुस्त केला. आई ताट उचलून आत गेली.

त्यानंतर चार महिन्यांनी बाबा गेले. तोवर धंतोलीच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा ते स्वतःच गाडी चालवत जात. आई शेजारी फाइल मांडीवर घेऊन बसे. ते गेल्यावर आईने फार आरडाओरडा केला नाही, ती फक्त शोधत राहिली. त्यांच्या शर्टांचे खिसे, चष्म्याचे घर, गादीखालची जागा. मग एकेक पुस्तिका उचलून, पाने खाली करून झटकायची. हजारभर पुस्तिका असतील. मी एकदा वैतागून म्हणाले, धाग्याने ते वाचले असते का? आई म्हणाली, "वाचले नसते, मले माहीत आहे. पण ते खोटं बोलून गेले का, एवढंच पाहून राहिली मी." ज्या माणसाने आयुष्यभर सत्य बोलण्याचे शील पाळले, त्याने बायकोला बरे वाटावे म्हणून खोटे सांगितले असेल का, हा प्रश्न मग मलाही टोचू लागला. आईला धागा हवा होता, मला बाबा हवे होते. दोघीही एकच वस्तू शोधत होतो हे तेव्हा कळले नाही.

बाबांची गाडी अठरा वर्षांची, तिची बारीकसारीक दुरुस्ती ते स्वतःच करत. सगळा उन्हाळा आणि पावसाळा ती अंगणात उभीच होती. वर्षश्राद्ध आम्ही करत नाही, पण पहिल्या पुण्यानुमोदनाला कुहीजवळच्या आईच्या माहेरच्या गावी जाऊन विहारात भोजनदान द्यायचे, आणि तेही याच गाडीतून, असे तिने ठरवले होते. बरे झालो की तुला गाडीतून विहारात नेतो, असे बाबा तिला म्हणाले होते. मी नवी बॅटरी घालून गाडी सुरू केली तर समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तो विझेचना. जरीपटक्यातल्या एका गॅरेजमध्ये त्यांनी मशीन जोडून पाहिले, सेन्सर गेला म्हणाले. सेन्सर बदलला, मशीनवरूनच दिवा विझवून दिला. दोन दिवसांनी तो परत आला. मशीनने सांगितले म्हणजे तेच खरे, असे मी धरून चालले होते. आता वेळ नव्हता. मग मी जे केले ते सांगायला लाज वाटते. माझ्याच एका पत्रकाचा कोपरा फाडला आणि त्या दिव्यावर चिकटवून टाकला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मागच्या सीटवर आईने पहाटे रांधलेल्या जेवणाचे डबे होते. भंतेजी दुपारी बारानंतर जेवत नाहीत, त्यामुळे त्याआधी पोचणे भाग होते. उमरेड रोड सोडून आत वळलो. धानाची कापणी झाली होती, दोन्ही बाजूंना भारे रचलेले. आणि गाडी गचके देऊ लागली. ॲक्सिलरेटर दाबावा तर उलट गळून जायची. आईने हात पुढे करून तो कागदाचा तुकडा खरवडला. खाली दिवा पिवळाधमक जळत होता. "हे तू झाकून ठेवलं होतं काय वं?" तिने विचारले. मी समोरच्या रस्त्याकडे पाहत गाडी रेटत राहिले.

एका फाट्यावर पंप दुरुस्तीचे टिनाचे दुकान होते. तिथवर गाडी कशीबशी गेली. दुकानातले काका पन्नाशीचे, गळ्यात तुळशीची माळ. जेवायला बसत होते, ते ताट झाकून उठले. मी घाईघाईने सेन्सरची, मशीनची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ती ऐकली की नाही कोण जाणे. "बंद नका करू ताई, चालू राहू द्या," म्हणाले आणि बॉनेट उघडून नुसते वाकून उभे राहिले. कान देऊन. कितीतरी वेळ. मग हात आत घालून एका बारीक रबरी नळीवर त्यांनी अंगठा दाबला. धडधडणारे इंजिन एकदम शांत झाले. रडणाऱ्या लेकराच्या पाठीवर कोणी हात ठेवावा तसे. अंगठा काढला की धडधड, ठेवला की शांत. "सेन्सर बिचारा खरंच सांगून राहिला होता," ते म्हणाले. "नळी फाटली. इथून फालतूची हवा ओढून राहिली गाडी."

मी वाकून पाहिले. नळीला आधीच कोणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. उन्हाने ती पट्टी वाळून चिरली होती. आणि पट्टीवरून, एकाला एक लागून, बारीक वेढे देऊन बांधलेला एक धागा होता. तेलाने काळा पडलेला, पण गाठीच्या पोटात अजून पांढरा.

काकांनी धागा कापायला पाते उचलले आणि थांबले. "हा धागा कोणाचा हो, मावशी? मंत्रलेला दिसते. मी नाही कापत." हा मंत्रलेला नाही, असला मंत्र आम्ही मानत नाही, असे वाक्य माझ्या जिभेवर तयार होते. अकरा वाजून गेले होते. मी म्हणाले, कापा काका, उशीर होतो आहे. आई माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "नाही. सोडा तुम्ही. लागू द्या वेळ."

ते खिळ्याच्या टोकाने गाठ सोडवत बसले. मी रस्त्याच्या कडेला उभी. आयुष्यात पहिल्यांदा मला काही करायचे नव्हते, काही सिद्ध करायचे नव्हते. फक्त थांबायचे होते. लहानपणापासून मी रोज शरणं गच्छामि म्हणत आले, पण घोषणा द्यावी तशी, मूठ आवळून. गच्छामि म्हणजे कोठेतरी जायचे असते, आणि जाताना हात मोकळे लागतात, हे त्या फाट्यावर समजले.

धागा अखंड निघाला. आईने तो तळहातावर घेतला, नाकाशी नेला. त्याला तेलाचा वास येत असणार, बाबांच्या हातांना यायचा तसा. गाडीत जास्तीची नळी आहे का ते पाहायला काकांनी आमची डिकी उघडली होती. बाबांच्या हत्यारांच्या पिशवीत तारेचे भेंडोळे आणि चिकटपट्टीचा आख्खा रोल निघाला. काका आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तार होती, पट्टी होती. मग धागा काहून बांधला असंल?" आई हसत होती, आणि तिचे डोळे वाहत होते. ते दोघे त्या गाडीतून आठवड्यातून दोनदा धंतोलीला जात होते, आणि सगळा वेळ तिचा धागा त्यांच्या पुढे चालला होता.

काकांनी दुकानातलीच पंपाची नवी नळी कापून बसवली. दिवा विझावा म्हणून त्यांनी बॅटरीची एक तार काढून ठेवली आणि दहा मिनिटे थांबा म्हणाले. तेवढ्यात आईने एक डबा उघडून त्यांच्या झाकलेल्या ताटाशेजारी ठेवला. मग तिने मूठ उघडली. मला वाटले, ती तो धागा मनगटाला बांधेल, निदान पदराला तरी. तिने तो काकांच्या हातात दिला. "नव्या नळीले बांधा," ती म्हणाली. "त्यायनं जिथं ठेवला होता तिथंच." वर्षभर जे शोधले ते तिने घटकाभर हातात धरून परत दिले. काकांनीही, नळीला गरज नसताना, तेवढेच मन लावून वेढे घातले.

आम्ही बाराला काही मिनिटे असताना पोचलो. भंतेजी वाट पाहत बसले होते. आईने वाढले. वंदनेच्या वेळी माझा आवाज नेहमीपेक्षा लहान निघाला.

त्या वळणाने मी नंतर दोनदा गेले. काका भेटले, चहा पाजला, गाडी कशी आहे विचारले. आपण काही विशेष केले असे त्यांना आजही वाटत नाही. मी अजूनही पत्रके लिहिते. गंडेदोरे विकणाऱ्यांवर माझा राग तसूभरही कमी झालेला नाही. पण एखाद्या बाईच्या हातातल्या धाग्याबद्दल लिहिताना आता मी आधी तिला विचारते.

गाडीची किल्ली फिरवली की तो पिवळा दिवा दोन क्षण लागतो आणि आपोआप विझतो. सगळ्याच गाड्यांत तसे होते, मला ठाऊक आहे. तरी रोज सकाळी तेवढे दोन क्षण मी हात मांडीवर ठेवून थांबते. तो विझला की बाबा म्हणाल्यासारखे वाटते, जागेवर आहे. मग मी गाडी काढते.