निरोपातलं एक नाव

बँड सोडून मी स्वतःची कॅसेट करायला घेतली तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. नव्वदीतलं बेंगळुरू, पबमध्ये आमची शनिवारची जागा ठरलेली, कॉलेजच्या फेस्टला पोरं आमच्या नावानं ओरडायची. पण दुसऱ्यांची इंग्रजी गाणी दुसऱ्यांच्याच हेलात किती वर्षं गायची? वीट आला होता मला. मला माझं काहीतरी हवं होतं. गिटार हवी, ड्रम्स हवेत, आणि त्यांच्या बरोबरीनं आमच्या अप्पांचं संबळ हवं.

अप्पा म्हणजे माझे वडील. एरवी कारखान्यात फिटर, लग्नसराईत गोंधळी. आमचे पूर्वज कधीकाळी लष्कराबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. बोलण्यात निम्मं कन्नड शिरलं, गोंधळ तेवढा मराठीत राहिला. होसकोट्यापासून येलहंक्यापर्यंत कुठल्याही मराठी घरात लग्न असलं की अप्पांना बोलावणं यायचं. रीत साधी. एकेका देवाला त्याच्या गावाचं नाव घेऊन बोलवायचं, त्यांच्यापुढे गायचं, आणि शेवटी एकेकाला नाव घेऊन निरोप द्यायचा. ज्या देवीला पहिली हाक, तिला शेवटचा निरोप. बोलावलेल्या देवाला उभं ठेवून आपण उठायचं नाही.

कॅसेट कंपनीच्या माणसानं नमुना ऐकून विचारलं, "मॅडम, हे दुकानात कुठे ठेवायचं? रॉकमध्ये की भक्तिगीतात?" तुझ्या डोक्यावर ठेव, असं म्हणणार होते. म्हटलं नाही. तेवढी काही मी शूर नव्हते.

पण माझी खरी भीती दुसरीच होती. आदल्या वर्षी अप्पांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिना सावकाश चढायचा आणि गाणं बंद. मी म्हटलं, दुसरा संबळवाला बघते. असे भडकले!

"माझ्या पोरीच्या कॅसेटीत दुसऱ्याचा बाप वाजवणार?"

आई रडली, मी हातापाया पडले, पण ऐकतील तर ते अप्पा कसले! वर अट घातली: देवांना बोलावलं की निरोपही त्याच दिवशी रेकॉर्ड करायचा.

स्टुडिओ मल्लेश्वरममधला, गाडीच्या शेडचा केलेला. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी नाही. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, अलीकडे अप्पा, गिटारवाला आणि मी. खुर्ची दिली होती, पण अप्पा संबळ कमरेला बांधून उभेच राहिले. बसून देवाला बोलावतात होय?

देवांची नावं सुरू झाली आणि मागून गिटार आत शिरली. मला वाटलं म्हातारा बिचकेल. कसला बिचकतोय! गिटारवाल्याकडे बघून हसले आणि आवाज आणखी चढवला. इतकं सुरेख लागलं होतं ते, आणि मला मात्र त्यांच्या गळ्याची फुगलेली शीर तेवढी दिसत होती. थांबा म्हणून मी हात वर केला. त्यांनी डोळे वटारले आणि गातच राहिले. सगळ्या देवांना बोलावून झालं, तेव्हा त्यांच्या हातातली काठी खाली पडली. मग ते भिंतीला टेकून हळूच खाली बसले.

"स्वल्प पाणी दे गं," म्हणाले. ओठ निळे पडले होते.

"अय्यो अक्का, ऑटो आणतो," म्हणत गिटारवाला पळाला. ऑटोत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, आणि त्या अवस्थेतही एकच पुटपुटणं चाललेलं, निरोप राहिला, निरोप राहिला. मी म्हटलं, गप्प बसा हो अप्पा, तुमच्या पाया पडते.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आहे, काही सांगता येत नाही. भेटायला गेलं की अप्पांचा पहिला प्रश्न, "निरोप दिलास का? त्या कोंदट खोलीत उभे असतील गं ते."

"उद्या देते," मी म्हणायची. रेकॉर्डिस्टचेही फोन यायचे, टेप तयार आहे म्हणून. मी टाळत होते. देवबिव मी मानत नव्हते, पण त्या दिवसांत छातीत एकच भीती बसली होती. अर्धवट गोंधळ टाकून अप्पा कधी उठले नाहीत. निरोप झाला की अप्पाही उठून जातील. हे कुणाला सांगणार? लोक हसले असते. मला जेवण जात नव्हतं.

एका सकाळी त्यांनीच हट्ट धरला. "इथेच म्हण. माझ्यासमोर."

"आपल्यात बायका गातात का निरोप?"

"हजार पोरांपुढे किंचाळतेस, आणि बापापुढे रीत आठवली तुला?"

मग गायले. अगदी हळू, शेजारच्या खाटेला त्रास नको म्हणून. अप्पा डोळे मिटून खाटेच्या कठड्यावर बोटांनी ठेका देत होते. सौंदत्तीची यल्लमा गेली, मैलारचा खंडोबा गेला, कोल्हापूरची अंबाबाई गेली. उरली तुळजापूरची आई, आमच्या कुळाची. तिचं नाव ओठांवर आलं आणि मी तोंड मिटलं. नाही घेतलं. जग इकडचं तिकडे झालं तरी तिला मी त्या खाटेजवळून हलू देणार नव्हते.

ठेका थांबला. साथीदाराचं एक नाव चुकलं तर भर मांडवात त्याची बिनपाण्यानं करणारा हा माणूस. डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले.

"ठेवून घेतलीस तिला?"

मी मान हलवली. आता ओरडतील म्हणून अंग चोरून बसले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"सरी, बरं केलंस," म्हणाले. "मलाही तेच सांगायचं होतं गं. धीर होत नव्हता."

अप्पा घरी आले. निरोपाचं गाणं मी तसंच, एक नाव गाळून रेकॉर्ड केलं. अप्पा काचेपलीकडे खुर्चीत बसले होते. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "अक्का, शेवट अर्धवट वाटतोय, परत घेऊ या?"

मी तोंड उघडायच्या आत अप्पाच त्याच्यावर खेकसले, "अर्धवटच पाहिजे आम्हाला!"