पास्कलमामांना मी संस्कृती शिकवली

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. या प्रकरणात माझी इतकी शोभा झाली आहे, की आमच्या अंधेरीच्या कारखान्यात अजून कुणी 'संस्कृती' म्हटलं तरी लोक माझ्याकडे वळून बघतात!

कारखाना रंगाचा. दर मार्चात व्यापाऱ्यांची सभा आणि सभेनंतर पार्टी. पार्टी म्हणजे काय? दारूबंदीमुळे लिंबाचं सरबत, काकडीचे सँडविच आणि विलायती सूर वाजवणारा भाडोत्री बँड. मी नुकताच बी. ए. होऊन तिथे चिकटलेला. माझं रक्त उसळलं! स्वराज्य येऊन इतकी वर्षं झाली आणि आम्ही अजून काकडीच्या चकत्या चघळत साहेबाच्या सुरांवर माना डोलवायच्या? तरातरा मॅनेजर दिघेसाहेबांच्या खोलीत शिरलो आणि वीस मिनिटं भाषण ठोकलं.

"झालं?" दिघेसाहेब म्हणाले. "मग यंदाची पार्टी तूच कर. पण एक लक्षात ठेव. तुझी नोकरी अजून कच्ची आहे. मोठे साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर वाट लागली, तर कायम व्हायचं विसर."

मी कसला घाबरतो! योजना तयारच होती. मुंबईचे मूळचे लोक कोण? कोळी. त्यांचा मोठा सण कोणता? शिमगा. आणि सभा कधी? शिमग्याच्याच आठवड्यात! कोळ्यांचा नाच, जाळी, वल्ही, लाल टोप्या. झकास!

कोळी शोधायलाही लांब जायला नको. आमच्या गोदामावरचे पास्कलमामा मढचे. पन्नाशीचे, मितभाषी, रोज सकाळी तरीनं खाडी ओलांडून वर्सोव्याला उतरून कामावर येणारे. जात कोळी, धर्म कॅथलिक.

"मामा, तुमच्या गावची वीस माणसं हवीत नाचायला. शिमग्याच्या शुक्रवारी."

"तवा नाय जमायचं, साहेब. आमचा..."

"लाजता काय मामा! कला आहे ती तुमची!"

"लाजत नाय. पन त्या दिवसांत आमच्यात..."

"जाण्यायेण्याची काळजी नको. कंपनी ट्रक देईल!"

"ट्रकाचा सवाल नाय. शिमगा आमच्यात नाय, साहेब."

इथे तुम्ही थांबला असता की नाही? मी खुर्ची ओढून बसलो आणि त्या माणसाला त्याचीच संस्कृती समजावून सांगू लागलो! धर्म बदलला म्हणून समुद्र बदलतो का? रक्तातली लय कुठे जाते का? न्यूनगंड कसा झटकावा, त्याचे उपायसुद्धा सांगितले. मामा हातातल्या किल्ल्या एकेक करून मागे सारत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हंजे त्या दिवसांत आमी आमच्यात जे गातो, तेच गायचं?"

"अगदी तेच! एक सूर बदलायचा नाही!"

"बगा हां साहेब."

"बघितलं!"

"बरं. शब्द दिला."

शुक्रवार उजाडला. ट्रकातून जाळी आली. 'धुवून पाठवू काय?' असं मामांनी विचारलं होतं, तेव्हा मीच ओरडलो होतो, 'खबरदार! खरी, वापरातली हवीत!' आता मार्चची दुपार, वर शेडचा पत्रा, खाली ओली जाळी. आणि आमचे व्यापारी कोण? घाटकोपर-मुलुंडचे शेठ, बहुतेक कांदासुद्धा न खाणारे! पाचच मिनिटांत सगळ्यांच्या नाकाला रुमाल लागले आणि डोळ्यांना पाणी. मी मात्र लाल टोपी घालून दाराशी ताठ उभा.

मढची मंडळी आली. पुरुष काळ्या कोटात. बायका डोक्यावरून पांढरे पदर घेतलेल्या. ढोल नाही, ताशा नाही. शेडमध्ये येऊन सगळ्यांनी गुडघे टेकले आणि गाणं सुरू झालं. मराठीतच, पण इतकं संथ, इतकं काळीज पिळवटणारं, की पंखेसुद्धा हळू फिरताहेत असं वाटावं.

त्यांचे उपासाचे दिवस होते हो! ख्रिस्ताच्या मरणाची आठवण करायचे. त्या काळात नाच नाही, वाजंत्री नाही, लग्नसुद्धा लावत नाहीत. तीनदा मामा हेच सांगायला निघाले होते!

मी वाकून त्यांच्या कानाशी गेलो. "मामा, हे काय?"

"सूर बदलायचा नाय, तुमीच बोल्लात," मामा मान न वळवता म्हणाले.

तेवढ्यात मुलुंडचे हिरजीशेठ उशिरा पोचले. काळे कोट, रडवं गाणं, प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. त्यांनी शेजारच्याला विचारलं, "कौन गया?"

"मालूम नहीं. साहब का कोई होगा."

झालं! दोन रांगा पुढे जाईपर्यंत साहेबांचा धाकटा भाऊ वारला होता. चार रांगा पुढे तो विमानातून पडला होता. शेठलोक उठले आणि हात जोडून मोठ्या साहेबांपुढे रांगेत उभे राहिले.

मोठे साहेब गोरे, पिकलेले. टोपी काढून, डोळे मिटून उभे होते. हिरजीशेठ म्हणाले, "बहुत बुरा हुआ, साहब."

"हाँ शेठ," साहेब डोळे न उघडता म्हणाले. "बहुत तकलीफ दिया उसको."

"हिम्मत रखो."

"हिम्मत है. तीसरा दिन वो वापस उठ गया."

हिरजीशेठ टोपी सावरत जे पळाले, ते थेट फाटकाबाहेर! मागोमाग सगळे शेठ. नव्या रंगाची घोषणा राहिली, जेवणाला कुणाचा हात लागला नाही. दिघेसाहेब माझ्याकडे बघून नुसते हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

"किसने किया ये सब?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

दिघेसाहेबांचं बोट क्षणात माझ्याकडे! मी लाल टोपी काढली, मनातल्या मनात राजीनामा लिहिला आणि पुढे झालो. साहेबांनी माझे दोन्ही हात धरले.

"मैं कॅथलिक है. तीस बरस से हर साल उपास में मेरे को बँड सुनाता है ये लोग. तुम पहला आदमी, जिसने हमारे लोगों को पूछा. तुमने पूछा ना?"

आता खरं सांगावं की नाही? तत्त्वाचा माणूस मी! मागे दोन हातांवर पास्कलमामा उभे.

"येस सर," मी म्हणालो.

सोमवारी दिघेसाहेबांनी गोदामाच्या दारातच माझ्या हातावर कागद आपटला. मामा स्टुलावर बसले होते.

"वाचा साहेब, मोट्यानं. आमी ऐकतो."

वाचावं लागलं. नोकरी कायम. खाली मोठ्या साहेबांचा खास शेरा: 'दुसऱ्याचे म्हणणे मध्ये न बोलता पूर्ण ऐकून घेण्याचा दुर्मीळ गुण या तरुणात आहे.'

मामांनी ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही बोलले नाहीत.