मांडीखालचे हात

दुपारचं जेवण झालं आहे, भांडी घासायची राहिली आहेत, आणि रेवती नुसती पाठ टेकायची म्हणून चटईवर आडवी झाली आहे. शेजारी तिची चार वर्षांची लेक इरा भिंतीशी काहीतरी पुटपुटते आहे. पंखा एका फेरीला कुरकुरतो, दुसऱ्या फेरीला गप्प बसतो. इराच्या शाळेतल्या बाई काल म्हणाल्या ते रेवतीच्या डोक्यातून जात नाही : "हुशार आहे हो, पण काही अडलं की नुसती बसून राहते. कुणीतरी येईल म्हणून वाट बघते." कुणीतरी म्हणजे कोण, हे बाईंनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. आई गेल्यापासूनच्या दोन महिन्यांत रेवतीने इराला बुटाचा पट्टासुद्धा लावू दिलेला नाही. पंखा कुरकुरतो. गप्प बसतो. कुरकुरतो.

गप्प बसतो तेव्हा समोर आई असते.

बार्शीच्या बालवाडीतल्या बुटक्या खुर्चीवर ती नेहमीसारखी बसली आहे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. बत्तीस वर्षं ती पोरांसमोर अशीच बसली. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आमच्या बाईंना बारा महिने थंडी वाजते.

"आलीस?" आई म्हणते. "बस. बोलू नको, गंमत चाललीय."

सतरंजीवर एक मुलगी पालथी पडली आहे. तिचा मणी कपाटाखाली गेला आहे.

"बाई, हात पुरत नाही."

"बरं. मग?"

मुलगी पट्टी आणते. पट्टी पोचते, पण मणी आणखी आत ढकलला जातो.

"बाई, लांबच गेला!"

"अगं बाई! मग?"

मुलगी गाल जमिनीला टेकवून बराच वेळ त्या अंधारात बघत राहते. मग उठते, कपाटाच्या बाजूला जाते आणि तिकडून पट्टी सारते. मणी घरंगळत बाहेर येतो. तो उचलायचंही तिला सुचत नाही, ती कपाटाकडेच बघत राहते. आई तिच्याकडे बघते. एखादी गवई बाई दुसरीची तान ऐकते, तसं तोंड झालेलं असतं आईचं.

मुलांच्या वाढीवरची जाडजाड पुस्तकं रेवतीने वाचली आहेत, पेन्सिलीने खुणा करत. त्या एका 'मग?'एवढं त्यांतलं काहीच तिच्या कामी आलेलं नाही.

"माझ्याशीपण तू असंच वागलीस," ती म्हणते. "सायकलची चेन पडली होती. भर उन्हात, काळ्या हातांनी रडत होते मी. आणि तू पायरीवर बसून."

"होते की."

"राग आला होता मला. अजून आहे थोडा."

"असणारच." आई हसते. "रेवे, मोकळे असते तर धावत आले असते गं हे हात. तुला काय वाटलं, पोरांना शिकवायला बसते मी अशी? पोरं शिकतात त्यांची ती. शिकवावं लागतं या दोघांना."

खुर्ची आता उंच झाली आहे. ती खुर्ची नाहीच, दवाखान्यातला लोखंडी पलंग आहे, आणि मण्याच्या जागी आईच्या मांडीवर एक मोसंबं आहे. ही दुपार रेवतीला ओळखीची आहे. झटका येऊन गेल्यावर आईचा उजवा हात नीट चालत नव्हता. तरी ती सालीला नख लावत होती, "थांब, जमेल मला" म्हणत होती. आणि रेवतीने "दे गं, किती वेळ लावशील" म्हणून ते तिच्या हातातून घेतलं होतं, सोलून, बिया काढून भरवलं होतं. आईने मुकाट्याने खाल्लं. त्यानंतर तिने काही सोलायला घेतलं नाही.

आईचा अंगठा सालीवरून घसरतो. रेवतीचे हात पुढे होतात.

"रेवे."

"काय?"

"खाली."

रेवती पलंगाच्या कडेला बसते आणि हात मांड्यांखाली घालते. लोखंड गार आहे. अंगठा पुन्हा घसरतो. बाहेर कुठेतरी बार्शीची गाडी लागल्याचं पुकारतात, गाडी निघून जाते, दुसरी लागते. साल कपच्या-कपच्यांनी निघते, रस आईच्या कोपरापर्यंत ओघळतो. रेवतीचे हात आतल्या आत तडफडतात. शेवटी एक चेंगरलेली फोड तिच्या तोंडापुढे येते.

"घे. आंबट आहे का बघ."

"आहे."

"असू दे. सोललीय मी."

"आई!"

हा आवाज आईचा नाही. वर पंखा आहे, आणि रेवतीचे दोन्ही हात तिच्याच अंगाखाली, असून नसल्यासारखे. समोर इरा उभी आहे. तिला फ्रॉक बदलायचा होता, आणि डोकं बाहीत अडकलं आहे.

"आई, काढ ना."

रेवती कशीबशी उठून बसते. हात उचलत नाहीत. फ्रॉकच्या आत फुसफुस चालते.

"आई, तू आहेस ना?"

"इथंच आहे."

बोटांना मुंग्या येतात. हात परत येतात. आता एक हिसका दिला की झालं. रेवती ते मांड्यांखाली सारते आणि अंगाचा सगळा भार त्यांच्यावर टाकते.

गळ्यातून एक हात बाहेर येतो. "हा हात आहे," आतून आवाज येतो. "डोकं नाहीये." हात आत जातो. फ्रॉक गोल फिरतो, पोट उघडं पडतं, शिवण कुठेतरी टचकन उसवते. आणि मग घामाने केस चिकटलेलं, लालबुंद डोकं वर येतं. फ्रॉक उलटा आहे, गुंड्या पुढे आल्या आहेत.

इरा आईकडे बघते. रडत नाही, नुसतं विचारते, "तू का नाही आलीस?"

 रेवती मांड्यांखालून हात काढते आणि तळवे पुढे धरते. चटईची वीण त्यांच्यावर काडी न् काडी उमटली आहे, लाल, खोल.

इरा त्या रेघांवरून बोट फिरवते.

"दुखतंय?"

"थोडं," रेवती म्हणते.